बग्गी अंगणात उभी होती

प्रिय महाराज,

तुम्हाला देवी आल्या, तेव्हा राणीसाहेब दारातूनच परत गेल्या. तुमच्या अंगावरचे फोड मी पुसत होते. तेवढ्यात पाद्री बॉदुआँ माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईसाहेब राजवाड्यात आहेत तोवर महाराजांना शेवटची पापक्षमा देता येणार नाही."

या माणसाला तुमच्यासाठी मीच निवडलं होतं. मंत्री नेमले, सेनापती बदलले, तसाच हाही. वाटलं, गरीब स्वभावाचा आहे, आपल्या वाटेला जाणार नाही. मेला रडत रडत बोलला, पण हटला नाही!

तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "ओनोरीन, जा गं आता."

मी बग्गीत चढत होते, तेव्हा पाद्री दाराशी मोठ्यानं वाचून दाखवत होते की महाराजांना आपल्या पापाचा पश्चात्ताप होतो आहे. सगळा दरबार माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी वाकलं नाही.

तुमचा श्वास अजून चालू आहे, असं इथे वाटेतल्या गावात कळलं. माझी एक ओळ वाचून तुम्ही नुसते हसलात, तरी पाद्रींनी दिलेली ती क्षमा वाया जाईल म्हणे. आणि तुम्ही हसालच, मला ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र आगीत टाकते.

तुमचं पाप,
ओनोरीन