दीक्षाच्या पाठवणीसाठी घ्यायची सेडान

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
दौंडला थोरल्या मेव्हणीकडे, म्हणजे ताईबाईंकडे, त्यांच्या दीक्षाचा साखरपुडा. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं: नवरी आमच्या नव्या गाडीतून सासरी जाणार! टाळ्या पडल्या. दीक्षा म्हणाली, "काका, नक्की ना? मी मैत्रिणींना सांगू?" सांग म्हणालो. लग्न २८ डिसेंबर. वेळच वेळ आहे.
परत येताना बायको, राजश्री, स्कूटी चालवत होती, मी मागं. मागं बसलं की विचार करता येतो. ती वडगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

४ नोव्हेंबर
कॉम्पॅक्ट सेडानच. हॅचबॅक किरकोळ दिसते आणि एसयूव्हीत नवरीला शालू सावरत चढावं लागतं. उमेदवार: डिझायर, अमेझ, ऑरा. आणखी एक-दोन वाढतील. घाई नाही. सणसवाडीला कारखान्यात क्वालिटीत आहे मी. पार्ट रिजेक्ट करण्यात हयात गेली. सेल्समन मला काय गुंडाळणार?

९ नोव्हेंबर, रविवार
टेस्ट ड्राइव्ह, डिझायर. सेल्समनला चालवायला लावलं, मी शेजारी. स्टीअरिंग हातात आलं की लक्ष रस्त्यावर जातं, गाडीवर राहत नाही. हे लोकांना कळत नाही. तो दोनदा म्हणाला, सर आता तुम्ही घ्या. गुडघा दुखतोय म्हणालो. (खरंच दुखत होता. थोडा.) लायसन आहेच माझ्याकडं, वापरून खराब केलेलं नाही इतकंच.
सनरूफ आहे हे घरी वडिलांना, आबांना सांगितलं. म्हणाले, "छपराला भोक? आन् त्याचं पैसं आपुनच द्यायचं?" मुद्दा विचार करण्यासारखा.

१५ नोव्हेंबर
अमेझ. लेन सुटली तर गाडी स्वतः सावरते, असं फीचर. फार आवडलं. ड्रायव्हरवरचा भार कमी. पण गावाकडं वळल्यावर लक्षात आलं, आमच्या रस्त्याला पांढरा पट्टाच नाही, तर गाडी ओळखणार काय! तेवढ्यात समोरून उसाची ट्रॉली. सेल्समन निवांत होता. मी डोळे मिटून सस्पेन्शन अनुभवलं.

१९ नोव्हेंबर
कंपनीच्या बसमध्ये आयुषनं विचारलं, सर, मीपण सेडान घेतोय, कुठली घेऊ? लाईनवरचा पोरगा, पण माणूस ओळखतो. शिक्रापूर येईपर्यंत पेट्रोलचं मायलेज समजावलं. सीएनजी, डिकीत उरणारी जागा, सर्व्हिस, रीसेल हे उद्या घेऊ म्हणालो.

२२ नोव्हेंबर
आयुषनं ऑरा घेतली! पेढे वाटले. म्हणाला, "तुमचं समदं ऐकलं सर, मग बायकोला रंग आवडला." कठीण आहे. असो. त्याच्याकडून ओनरशिप एक्सपीरियन्सचा डेटा घ्यायचा. निदान वर्षभराचा.
नंतर: वर्षभर नको, मध्ये लग्न आहे.

३० नोव्हेंबर
राजश्रीला हल्ली खुटबावच्या शाळेतून यायला उशीर होतो. मीटिंग म्हणते. चौथीच्या पोरांसाठी एवढ्या मीटिंगा?
आज विचारलं तिनं, क्लच हळू सोडताना गाडी थरथरते, तवाच ॲक्सिलरेटर द्यायचा ना? म्हणालो, तांत्रिक आहे, तुला नाही कळायचं. पण बरं वाटलं. माझ्या अभ्यासाचा घरावर परिणाम होतोय.

८ डिसेंबर
ताईबाईंचा फोन. "पाव्हणं, गाडी कवा येती? न्हाईतर आमी दुसरी सांगतो. पोरीनं समद्यांना सांगून ठेवलंय, ऐनवेळी तिचं हसं नगं व्हायला." शेवटचा टप्पा चालू आहे, म्हणालो.
फोन ठेवल्यावर राजश्री म्हणाली, "खरं सांगा, अडलंय कुठं? गाडीपाशी का तुमच्यापाशी?"
डिकीपाशी, म्हणालो.
जीव थाऱ्यावर नाही. कामावर चांगला पार्ट रिजेक्ट केला आणि वाकडा पास.

१४ डिसेंबर, रविवार
आणखी एक टेस्ट ड्राइव्ह, आबा मागं. सेल्समननं चावी थेट माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसला. डाव होता. सीट पुढं घेतली. मागं घेतली. आरसे लावले. परत सीट. एसी चारी बाजूंनी तपासला. आबा म्हणाले, "सुमित, गाडी हितंच बघायची का जरा हलवायची?"
चालू केली. बंद पडली. परत चालू केली. बंद. मागून हॉर्न. सेल्समन म्हणाला, होतं सर.
उतरलो. हात ओले झाले होते, स्टीअरिंग कव्हरचं मटेरियल खराब. रिजेक्ट.

२१ डिसेंबर
मोठा निर्णय. जानेवारीपर्यंत थांबायचं. नव्या वर्षाची गाडी रीसेलला बरी. दीक्षाला उद्या फोन करून नीट समजावतो. शिकलेली पोरगी आहे, समजेल.

२२ डिसेंबर
फोन केला नाही. तिच्या हळदीची गडबड असेल.

२३ डिसेंबर
तिचाच आला. उचलला नाही. रेंज नव्हती. (घरात होतो.)

२४ डिसेंबर
बसमधून उतरून आलो तर दारात डिझायर. राखाडी. बॉनेटवर हार. शोरूममधून राजश्रीनं स्वतः चालवत आणली. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी केडगावला ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. मीटिंगा त्या. लायसन परवा आलं.
मी विचारलं, मला सांगायचं नाही का? म्हणाली, "तुम्ही ताटावर बसून शब्द दिला तवाच कळलं होतं, चालवायची माझ्यावरच येणार. तुमचा अभ्यास चालू होता, म्हटलं मोडायला नको."
माझ्याही यादीत तीच वर होती, हे मी लगेच सांगितलं. आबा पुढच्या सीटवर बसून होते. जेवायलाही उतरेनात.

२८ डिसेंबर, रविवार
लग्न चांगलं झालं. पाठवणीला दीक्षा आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्यापाशी आली. म्हणाली, "काका, तुम्ही शब्द पाळला." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.
राजश्री स्टीअरिंगवर, शेजारी आबा, मागं नवरा-नवरी आणि करवली. गाडी भरली. मी भांडी-कपाटाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी. दौंडपासून शिरूरपर्यंत गाडी आमच्या पुढंच होती. एका स्पीडब्रेकरवर तिनं इतक्या अलगद घेतली की टेम्पोवाला बघत राहिला.
"कोण चालवतंय वं?"
"आमची मंडळी."
"लई साफ हात हाय. तुमाला येती का चारचाकी?"
शिकतोय, म्हणालो.
तेही अजून खरं नाही.