तुमच्या वर्षाच्या मिस्सेले मी नव्हते

प्रिय जोसेफच्या बाबा,

तुमाले देवाघरी जाऊन वर्ष झालं, रविवारी देवळात तुमच्या नावानं मिस्सेची प्रार्थना झाली अन् मी तिथं नव्हते. दुसऱ्या कोनी तुमच्या कानावर घालायच्या आत मीच लिहून राह्यले. अक्षर वाकडं हाये, पण ते तुमीच शिकवलं, तवा नावं ठेवू नका.

फादर बुलढाण्याहून महिन्यातून एकदाच येतात, हे तुमाले माहीत हाये. आपली किरिस्तावांची बाराही घरं जमली होती. मीबी धुतलेलं लुगडं नेसून देवळाच्या दारापर्यंत गेले, अन् तिथंच पाय अडला.

तुमी देवळाचे प्रचारक होते तवा त्याच दारात उभं राहून विचारायचे, कोनाशी अबोला हाये का? असला की परत. एकदा मलेबी धाडलं होतं, जावेशी बोलत नव्हते म्हणून, चारचौघांत, कडेवर लेकरू असताना. तिले मात्र कवा धाडलं नाई, ते काऊन? दोन दिवस तुमच्या भाजीत मीठ घातलं नाई मी. तुमी गुपचूप जेवले.

आता दारात कोनी विचारत नाई. पण कवतिकाशी माहा वर्षाचा अबोला. वीस वर्षं शेजारीण, तिच्या मळ्यातली भाजी आपल्या घरी, अन् तुमच्या मातीले ती आली नाई. ते मनात ठेवून मी दर महिन्याले मिस्सेत कमुनियनची पवित्र भाकर घेत राह्यले. मिस्सा लॅटिनमधी होती तवर बरं होतं, काही कळत नव्हतं. तुमी गेल्यावर ती मराठीत झाली. मागच्या खेपेले फादरनं वाचलं, दान वेदीपाशी राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. इतकं सरळ सांगितल्यावर मानसानं पळावं कुठं?

तवा रविवारी दारातूनच वळले अन् गेले कवतिकाच्या मळ्यात. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"काऊन आली वं?"

"समेट कराले."

"वर्षभर तोंड फिरवलं. आजच काऊन?"

"देवानं सांगितलं."

"तुह्या देवाले सांगाले वर्ष लागलं?"

"त्यानं कवाच सांगितलं. मीच ऐकलं नाई. तू मातीले काऊन नाई आली?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "किरिस्तावाच्या मातीले जाऊ नको, घरचे म्हणाले. मले भांडता आलं असतं. नाई भांडले. भ्याले."

खरं सांगू? तिनं तब्येतीचा बहाना केला असता तर मी तशीच माघारी फिरले असते. पण तिनं खरं सांगितलं. मंग मीबी खाली बसले अन् जुड्या बांधू लागले. राग पुरा गेला का? नाई. पण बोलता येईल एवढा गेला. तिच्या सुनेची चुगली ऐकता ऐकता रस्त्यावरून फादरची परतीची बस निघून गेली.

जोसेफ लय चिडला. "बाबाच्याच मिस्सेले तू नाई, माय?"

"तुह्या बाबानंच दारातून परत धाडलं मले," म्हटलं.

मिस्सा चुकली याचं वाईट वाटलं, पण त्या दिवशी घरची भाकर गोड लागली.

पुढच्या महिन्यात कमुनियन घेईन. तवर कोनाशी भांडणार नाई, असं खोटं तुमाले लिहवत नाई. पण भांडले, तर फादरची बस गावात यायच्या आत मिटवीन, हा माहा शब्द.

तुमची,
मरिया