तिठ्यावरचं बिऱ्हाड

३ फेब्रु. ६१
सुटले एकदाची. तळेऱ्याला तिठ्यावर खोली मिळाली. विजयदुर्गाकडची गाडी उशिरा यायची, पुढची कणकवलीची चुकायची, नि शाळेत हेडमास्तरांचा जप ठरलेला: बाई, आणखी एक खाडा झाला तर नोकरी गेली समजा. आता दारातून हात केला की गाडी थांबेल.
घरमालक तात्या पुढल्या अर्ध्यात राहतो, मागच्या पडवीत त्याचा भाऊ दाजी. वाटणीवरून दोघांचं तोंड बघणं बंद. तात्याची अट एकच, "माज्या खळ्यात काय रोवू नकात." अंगणात मी काय माड लावणाराय?

६ फेब्रु.
सकाळीच भाऊ जुंपले. विहिरीच्या दोरीवरून! दाजीने कळशी फेकून मारली, तात्याची भुवई फुटली. बांधायला पातळ फाडलं ते माझं. मेले दोघेही राक्षस.
गाडी मात्र मिळाली. हेडमास्तर घड्याळाकडे बघत राहिले. जिरली.

१२ फेब्रु. रविवार
घर घरासारखं वाटेना. हे बोटीवर, कधी येतील देव जाणे. दारात हात जोडायला काही हवं, म्हणून माहेरची तुळस आणून खळ्यात लावली. तुळस म्हणजे काय झाड थोडंच! दिवा लावला. बरं वाटलं.

१३ फेब्रु.
शाळेतून आले तर तुळस छाटलेली, माती उकरलेली. तात्या म्हणाला, मीच. कुळकायद्यात जमीन गेली, आता घरही गिळायला बसलात? "जेची तुळस, तेचा घर. ह्या कोणाक म्हायत नाय?"
मला नव्हतं माहीत. पण तुळशीवर कोयता? डोकंच फिरलं. उरलेली फांदी त्याच्यासमोर पुन्हा रोवली. तो कोयता उगारून आला. मी आत धावले, चहाला पेटवलेल्या चुलीतलं जळतं लाकूड ओढलं नि हाणलं त्याच्या मनगटावर. कातडी जळल्याचा वास. खोटं कशाला लिहू, समाधान झालं.

१४ फेब्रु.
दाजीही आता तात्याच्या बाजूने. जन्माचे वैरी भाऊ एक झाले, माझ्यामुळे. दोघांनी मिळून कौलांवर दगड टाकले. एक आत आला, कान फाटला. उशी लाल.
गाडीची वाट बघणारी माणसं मजा बघत होती. एक म्हणाला, बाई, कुंडीत लावा, मिटेल. लावली असती, आधी नीट सांगितलं असतं तर. आता रक्त सांडल्यावर नाही. नाहीच.

१५ फेब्रु.
उंबऱ्यावर बसून लिहितेय. दोघे समोर खळ्यात, मध्ये पहार. तात्याचा हात फडक्यात. दाजी हसून म्हणाला, "बाई, गाडयेक जाशात मां? जावा. मगे दार बघतंव आमी."
कणकवलीची लागली. कंडक्टर बाई, बाई म्हणून ओरडतोय. गेले तर संध्याकाळी दार नसेल. नाही गेले तर नोकरी नसेल, आणि नोकरीच नसेल तर या तिठ्यावर राहू कशाला?
घंटी मारली त्याने. दाजी पहार घेऊन उठला. मी पण उठ—