माहितीपुस्तकातला माझा हसरा फोटो

सिस्टर प्रिन्सिपल,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून थेट विषयावर येते.

यंदाच्या माहितीपुस्तकावर माझा हसरा फोटो नावासकट छापलात आणि खाली ‘एम.एस्सी. नर्सिंगनंतर कमाई महिना दोन लाख’! कोणाची हो? डब्लिनला गेलेल्या माझ्या बॅचच्या ट्रीसाची! तिथे तिच्याच वॉर्डातल्या बी.एस्सी. झालेल्या मुलींनाही तेवढाच पगार आहे. मी एम.एस्सी. करून तुमच्याच कॉलेजात शिकवते, मला अठरा हजार. माझी धाकटी बहीण लिजा नुसती बी.एस्सी., तुमच्याच हॉस्पिटलात चोवीस घेते. रविवारी माशाची करी वाढताना टोमणा मारते, "चेची, तू जास्त शिकलीस ना? मग काटेही तूच काढ." माझ्या आईच्या, अम्मच्चीच्या, बांगड्या माझ्या फीपायी अजून गहाण आहेत.

वर प्रवेशाच्या दिवसांत मुलींच्या घरी फोनही आम्हीच करायचे! काल फोनवर माझं नाव ऐकून कट्टप्पना गावचा एक बाप म्हणाला, "मोळे, पोरी, फोटोतली तूच ना? मग तूच सांग, एवढे खरंच मिळतात?"

तुम्ही शेजारीच उभ्या होतात. मी म्हटलं, "मिळतात, चेट्टा."

कारण नोकरीला लागताना ठेवून घेतलेली माझी मूळ सर्टिफिकेटं तुमच्या कपाटात आहेत. ती सुटेपर्यंत मला कुठेच जाता येत नाही. म्हणून हे पत्रही तुमच्यापर्यंत येणार नाही.

पण त्या बापाचा नंबर माझ्याकडे आहे, आणि आज संध्याकाळी तुम्ही माझ्या शेजारी नसाल.

तुमच्या पुस्तकाबाहेर न हसणारी,
शायनी कुरियन