तळ्याकाठची भावकी

ती. बाबा,

पायांवर डोकं ठेवते, आणि आज लगेच उचलत नाही.

आपल्या तळ्याकाठच्या रानभाताला करपा रोग लागत नाही, हे काल आमच्या भात संशोधन केंद्रातल्या रोगतज्ज्ञ बाईंनी नक्की केलं. शेजारच्या वाफ्यांतली नावाजलेली वाणं करपून गेली, आपला रानभात मात्र हिरवागार उभा आहे.

आणि दोन वर्षांपूर्वी मीच माणसं लावून काठ साफ केला. "हे तण चांगल्या भातात मिसळतं," असं तुम्हालाच शिकवत होते! तुम्ही एवढंच म्हणालात, "उपटतेस तर उपट, पण बी तरी ने," आणि औषधाच्या बाटलीत एका ठोंबाचे दाणे भरून दिलेत. तेच इथे पेरले होते.

बाई म्हणाल्या, "एका ठोंबाचे दाणे म्हणजे सख्खी भावंडं. मला अख्खी भावकी हवी. कुणी करपा सोसतं, कुणी खारं पाणी, तेव्हा कुठे नवं वाण घडतं. काठावर अजून आहे ना?"

मी म्हणाले, "हो, भरपूर."

खोटं बोलले, बाबा. तेव्हापासून घास उतरत नाही. सोमवारी त्यांना खरं सांगणार आहे.

आईला मात्र सांगा, नीट जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? खरं लिहा, माझ्यासारखं नको.

रानभाताचे दाणे आपोआप गळतात आणि चिखलात काही वर्षं झोपून राहतात. त्यामुळे तळं भरलं की काठावर थोडे तरी कोंब दिसतील. त्यांना कुणाला हात लावू देऊ नका, मलासुद्धा.

तुमची,
अतिशहाणी