कुऱ्हाडीआधीचा श्वास

झल्लाक, बहरीन

प्रिय कश्मिराताई,

गंधारचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण चांगलं मिळतं, काळजी नको. आमच्या तेलुगू दिग्दर्शकाला समुद्राकाठीच चाली पसंत पडतात म्हणे, म्हणून संगीतकार सर आम्हा सगळ्या सहायकांना घेऊन इथल्या हॉटेलात मुक्काम ठोकून आहेत. समुद्राकडे कोणी ढुंकून बघत नाही. पडदे ओढून दिवसभर हाणामारीचं संगीत चालू असतं.

आईचा गुडघा कसा आहे? दाजी अजून तुझ्या रियाजावरून कुरकुरतात का?

पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन तू रेकॉर्ड करून पाठवलेला आलाप काल दिग्दर्शकांना ऐकवला. त्यांनी तो परत लावायला सांगितला. मला वाटलं, जमलं! मग म्हणाले, "आवाज छान आहे, पण आमचा हीरो मारतोय आणि हिला वाईट वाटतंय. नको." सर लगेच म्हणाले, "मलाही तेच खटकत होतं." आदल्या दिवशी हेच सर तो ऐकून डोळे पुसत होते, ताई.

तुझा आलाप कापायला मलाच बसवलं. गाण्याआधी तू घेतलेला श्वास तेवढा त्यांना आवडला. तो ठेवलाय.

तू सिनेमात गाणार म्हणून आईचे पेढे वाटून झालेत, ते काही परत मागता येत नाहीत. पण दाजींना थिएटरात नेऊ नकोस. हीरो कुऱ्हाड उचलतो, सगळं शांत होतं, एका बाईचा श्वास ऐकू येतो. आता ही गाणार, असं वाटतं. तेवढ्यात कुऱ्हाड पडते.

तुझाच,
गंधार