मैनेचा सुगंधोपचार

औराद,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

निंबर्ग्याचे आमचे व्याही श्रीमान नागनाथराव यांस,

औरादहून अंकुशरावचा हात जोडून रामराम. तसं वयानं आपण माझ्याहून धाकटे, पण मी मुलीचा बाप, म्हणजे वाकूनच लिहायला पाहिजे, आणि वाकायला गेलो की उजवा गुडघा कुरकुरतोय, तेव्हा हा रामराम बसल्या जागेवरून घालायलोय तो गोड मानून घ्यावा. विहीणबाई इंदिराबाईंची साखर आता कशी हाय? पेढे बंद झाले का अजून चोरून चालू हायेत? (हे त्यांना वाचून दाखवू नये.) तुरीला फूल चांगलं धरलं असंल. आमच्या इकडं सोयाबीन निघालं, बरं निघालं, पण शेंगा भरायच्या वक्ताला पाऊस कुठं दडून बसला होता ते देवाला ठावं. जावईबापू रविकुमार आणि आमची विजयश्री खुशाल असतील अशी आशा. तिला म्हणावं, तुझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, येणारं माणूस भेटलं की धाडते.

फोन असताना पत्र कामून, असं आपल्या मनात आलं असंल. तर व्याहीबुवा, फोन लावला की विहीणबाई तो स्पीकरवर ठेवतात, आणि मग आमच्या घरातली गोष्ट अर्धं निंबर्गा ऐकतंय. मागल्या वेळी माझ्या पोटाच्या तक्रारीवर तुमच्या वाड्यावरच्या कुण्या लिंगम्मानं पलीकडून ओरडून औषध सांगितलं होतं. (गुण आला, ते वेगळं.) आज सांगायची गोष्ट मात्र नाजूक हाय, म्हणून कागद घेतला.

आमच्या मैनेला आपण पाहिलंच हाय. दारातली तपकिरी कुत्री, एक कान उभा अन् एक पडलेला, जात गावठी, स्वभाव तहसीलदाराचा. बीदरची बस वळणावर आली की तिच्यावर भुंकल्याशिवाय हिनं कधी ती पुढं जाऊ दिली न्हाई. तर नागपंचमी होऊन काही आठवडे झाले आणि मैनेनं एकाएकी सगळ्यातून लक्षच काढून घेतलं. बस आली, गेली, ही कणगीमागं तोंड घालून पडलेली. दुधात कुस्करलेली भाकर हुंगायची अन् तोंड फिरवायची. राजूबाई (माझं कुटुंब, आपल्याला ठाऊक हाय, पण पत्रात नावानं लिहिलं की मला जरा धीर येतो) म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, आम्ही सगळे खोकलो, मैना तशीच. मी म्हणालो, बालाजीच्या आठवणीनं झुरायलीय. आमचा बालाजी बीदरजवळ कोळारच्या गोदामात लागल्यापासून रविवारीच घरी येतोय न्हवं. राजूबाई म्हणाल्या, "पोराच्या आठवणीनं मी झुरले तर कुणाचं ध्यान गेलं न्हाई, अन् कुत्रीचं बरं दिसायलंय तुम्हाला."

मग आमच्या सूनबाई दीपमाला पुढं झाल्या. पोरगी हुशार, काहीही करायच्या आधी चार ठिकाणी वाचून घेते. तिनं फोनवर वाचलं की माणसासारखं जनावराचंही मन वासानं शांत होतं, त्याला सुगंधोपचार म्हणतात, आणि त्यासाठी झाडाफुलांची अर्कतेलं मिळतात. आठवड्याभरात खोकं आलं. त्यात लॅव्हेंडरची बोटाएवढी बाटली आणि पाण्याची वाफ सोडणारं एक भांडं. दीपमालानं मला समोर बसवून नियम सांगितले. पाण्यात दोन-तीन थेंब, जास्ती न्हाई. दार सताड उघडं, म्हणजे वास नको वाटला तर मैनेला उठून जाता यावं. थोडा वेळ लावायचं अन् बंद करायचं. तिच्या अंगाला, नाकाला, खाण्याला तेल लावायचं न्हाई. "मामा, थेंब म्हणजे थेंब," ती दोनदा म्हणाली. कामून दोनदा म्हणाली ते तिलाच ठाऊक.

भांडं लावलं. वाफ निघाली. मैनेनं एकदा हुंगलं, माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच काही वावगं केलंय, आणि उठून गोठ्यात गेली. मी मात्र यंत्र नीट चालतंय का पाहावं म्हणून खुर्चीत टेकलो, अन् असा झोपलो व्याहीबुवा, की लग्नाआधी कधीतरी तसा झोपलो असंन. त्या दिवशी आमच्या सोसायटीची बैठक होती आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव पुढं येणार होतं. मी जागा झालो तेव्हा आमच्या गल्लीतला बंडेप्पा अध्यक्ष होऊन, हार घालून आमच्या दारावरून चालला होता. मी त्याला खिडकीतून नमस्कार केला. दुसरं काय करणार.

इथवर सगळं ठीक होतं. पुढं जे घडलं त्याला मी एकटा जबाबदार न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो. दीपमाला भालकीला भावाच्या वास्तुशांतीला गेली. जाताना भांडं धुऊन, पुसून, फळीवर ठेवून गेली. मी आठवडी बाजारात गेलो तर बंडेप्पा भेटला. (अध्यक्ष झाल्यापासून त्याला सगळं कळायलंय.) म्हणाला, "अण्णा, त्या फुलाच्या पाण्यानं काय व्हतंय? निलगिरी चोळा. गोचीड जातीय, आळस जातोय, माणूस उठून पळतंय." माझ्या गुडघ्याला मी निलगिरीच लावतो, तेव्हा मला ते पटलं. आणि मला असंही वाटलं की दोन थेंबांच्या नुसत्या वासानं मी एवढा झोपतो, तर अर्धी बाटली अंगावर चोळल्यावर मैना किती जागी होईल! घरी येऊन मी तिच्या पाठीवर तेल ओतलं अन् शेपटीपर्यंत चोळलं. राजूबाईंनी वरून कापूर कुटून भुरभुरला. (हे मी एकट्यानं केलेलं न्हाई, ते एवढ्यासाठी लिहिलं.)

मैना आधी शिंकली. मग पाठ चाटायला लागली. मग तोंडातून लाळ गळायला लागली, पुढच्या पायांनी नाक घासायला लागली, अन् उभी राहिली तर मागले पाय प्यायलेल्या माणसासारखे दोन बाजूला जायलेत. व्याहीबुवा, इथं मला विनोद सुचत न्हाई. ती माझ्याकडं चालत यायला बघायली होती आणि येता येत न्हवतं. राजूबाईंनी फोन दीपमालाला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूनं विचारलं अन् सुनेनं हुकूम सोडले. "आत्या, आधी धुवा. भांड्याचा साबण, कोमट पाणी, पाठ सगळी. चाटू देऊ नका. उलटी काढायला जाऊ नका. अन् तेलाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात जा." मग पुढं, "मामा कुठं हायेत?" मी अंगणात बादली घेऊन होतो, पण मला बोलायला फोन दिला न्हाई.

आम्ही दोघांनी तिला धुतलं. एरवी पाणी दिसलं की मैना वेशीपर्यंत पळते, त्या दिवशी गुमान उभी राहिली. पुसायला हाताशी आलं ते घेतलं. (ती आपण दिवाळीला पाठवलेली शाल होती हे नंतर कळलं. शाल फार ऊबदार हाय. पाणीही चांगलं ओढून घेते.) धनराजची रिक्षा थांबवली. तो म्हणाला, "काका, वास कशाचा यायलाय?" मी म्हणालो, "माझ्या अकलेचा." राजूबाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ज्या बाईनं मैना दारात आली तेव्हापासून "कुत्रं उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई" म्हणून रोज भांडण काढलं, ती सगळ्या वाटेत त्या गावठी कुत्रीच्या कानात "व्हय गं माझी बाय, आलंच, आलंच" असं म्हणत होती. मी बाहेर बघत बसलो. निलगिरीनं डोळ्यांतून पाणी येतंय, आपल्याला ठाऊकच हाय.

दवाखान्यात शैलश्री म्हणून तरुण डॉक्टरीणबाई हायेत, कलबुर्गीकडच्या. त्यांनी मैनेला हुंगलं अन् कन्नडात विचारलं, "येन हच्चीरी इदक्क?" (हिला काय लावलंत, असं.) मी माझ्या गुडघ्याच्या तेलाची म्हणून बाटली पुढं केली. मग त्या मराठीत आल्या, म्हणजे मला पुरतं समजावं. म्हणाल्या, "अज्जा, तुमच्या गुडघ्याला नाक असतं का? हिला नाक किती असतंय! निलगिरी, टी ट्री, लवंग, कापूर, असलं तेल कातड्यातून आत जातंय, चाटलं की पोटात जातंय, अन् पचवायला हिच्याकडं तुमच्यासारखी सोय न्हाई." मी सूनबाईच्या भांड्याची हकिगत सांगून म्हणालो, "आणि लॅव्हेंडर?" म्हणाल्या, "तुमच्या सुनेनं लावलं तसं, थोडं, उघड्या दारात, तिला जाता येईल असं, तर एकवेळ चालतंय. ते बी आधी विचारून. पण तुमच्या हाती बाटली नको." सलाइन लावलं, दिवसभर नजरेखाली ठेवलं. उन्हं कलताना मैनेनं डोळे उघडले, शेपटी एकदा फरशीवर आपटली, आणि माझ्या हाताला हुंगून तोंड फिरवलं. मला एवढं बरं वाटलं की मी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडणार होतो, गुडघ्यामुळं राहिलं.

आता मैना ठणठणीत हाय. त्या बाटल्या दीपमालानं कुलपात ठेवल्या, किल्ली राजूबाईंच्या कमरेला. घरात मला उदबत्ती लावायचीही मुभा न्हाई.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, विजयश्रीला पोटभर माया. चूकभूल पदरात घ्यावी. शाल मात्र परत मागू नये.

आपला,
अंकुशराव

ता.क. मैना उदास कामून होती ते सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं अन् हसून म्हणाल्या, "अज्जा, ही झुरत न्हाई. ही गाभण हाय. म्हणून तर असलं काही लावायला अजिबात नको होतं." दसऱ्याच्या तोंडावर ती व्याली. पाच पिल्लं, सगळी खुशाल.

आणखी ता.क. आपण विजयश्रीला पंचमीला सोडायला आलात, तेव्हा जीपमध्ये आपला सरदार होता. मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा, घराणेदार, त्याच्यासाठी आपण वेगळं ताट मागितलं होतं. दुपारी आपण दोघं जेवून लवंडलो तेव्हा तो कुठं होता, हे आपण विचारलं न्हाई, मीही न्हाई. पाचातल्या तिघांचं तोंड लांबट हाय, कंबर बारीक हाय, आणि वाटीतलं दूध प्यायला लागली की आधी वेगळं ताट मागतील. व्याहीबुवा, म्हणजे आता आपण दोन्हीकडून व्याही झालो. पहिलं बाळंतपण माहेरी, ते आम्ही रीतीप्रमाणं केलं, डिंकाचे लाडू सोडून सगळं केलं. लेकरं बापाच्या घरी जातात ही रीत आपल्यालाही ठाऊक हाय. पिल्लांनी दूध सोडलं की निदान तीन न्यावीत, ही नम्र विनंती. पत्र त्यासाठीच लिहिलं.

शेवटचं ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी राजूबाईंनी पत्र वाचलं. त्या म्हणतात, "एकही पिल्लू उंबऱ्याबाहेर जायचं न्हाई, आणि मला विचारल्याशिवाय असं लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. बारशाला मात्र आपण दोघं जरूर यावं. सरदारला घरी बांधून यावं.